लक्षद्वीप : गोड्या पाण्याचे गणित

नाव लक्षद्वीप असले तरी सरकारी नोंदीत बेटे ३६ आणि वस्तीची बेटे केवळ १० आहेत. सगळ्या बेटांची जमीन एकत्र केली तर ती जेमतेम ३२ चौरस किलोमीटर भरते. आपल्याकडच्या चार-पाच गावांचे शिवार एवढेच असते. मात्र बेटांना कवेत घेणाऱ्या उथळ, निळ्या-हिरव्या लगूनांचे क्षेत्र सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर आहे आणि या ठिपक्यांमुळे भारताच्या वाट्याला आलेले अनन्य आर्थिक क्षेत्र चार लाख चौरस किलोमीटरच्या घरात जाते. संपूर्ण महाराष्ट्र राज्यापेक्षा ते मोठे आहे. जमीन नगण्य आणि सागर अफाट, या विषम प्रमाणामुळेच मुख्य भूमीवरील प्रत्येक सत्तेला या बेटांकडून आपापल्या सोयीचे काहीतरी हवेसे वाटत आले. पूर्वी काथ्या हवा होता. आज नौदलाचे तळ आणि पर्यटकांसाठी खोल्या हव्या आहेत.

जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांनी लक्षद्वीपला भेट दिली, त्या भेटीची छायाचित्रे देशभर पाहिली गेली, आणि त्यानंतर मालदीवमधील काही मंत्र्यांच्या अनुदार शेऱ्यांमुळे वाद पेटला. ‘मालदीवऐवजी लक्षद्वीप’ ही घोषणा त्या आठवड्यात जन्माला आली. घोषणा करणाऱ्यांचा उत्साह समजण्यासारखा होता. पण मालदीवमध्ये सुमारे बाराशे बेटे असून त्यांतील बहुसंख्य निर्मनुष्य आहेत, हे त्या गदारोळात कोणी फारसे ध्यानात घेतले नाही. तेथील पर्यटनाची घडी ‘एक बेट, एक विश्रामधाम’ या सूत्रावर बसली. स्थानिकांची गावे एकीकडे आणि पाहुण्यांची बेटे दुसरीकडे, अशी विभागणी तेथे शक्य होती. लक्षद्वीपमध्ये बंगारम, तिन्नकरा, सुहेली, चेरियम अशी मोजकी निर्जन बेटे सोडली तर उरतात ती बहुतांशी वाळूची टेकाडे. कवरत्तीजवळची पिट्टी तर समुद्रपक्ष्यांच्या विणीसाठी राखलेली आहे.

या बेटांवर किती माणसे राहू शकतात याचा निर्णय शेवटी किनाऱ्याच्या लांबीवर ठरत नाही. तो जमिनीखालच्या गोड्या पाण्यावर ठरतो, आणि ते पाणी तेथे कसे आले हे समजण्यासाठी थोडे मागे, भूगर्भशास्त्राच्या काळात जावे लागते.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे थरांवर थर पसरले. सह्याद्रीचे कडे ज्या काळ्या पाषाणातून घडले तो हाच. ज्या खोल उष्णस्रोतातून हा लाव्हा आला, त्याच्यावरून भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकत गेला आणि समुद्रतळावर ज्वालामुखींची एक लांब रांग मागे राहिली. लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस ही त्या रांगेची शिखरे होत. तो उष्णस्रोत आज रियुनियन बेटाखाली आहे. म्हणजे रायगडाचा खडक आणि कवरत्तीच्या बुडाशी असलेला खडक हे एकाच घराण्यातले म्हणता येतील. ज्वालामुखी हळूहळू खचत गेले आणि त्यांच्या काठावर वाढणारे प्रवाळ मात्र उजेडासाठी वर वर चढत राहिले. कंकणाकृती प्रवाळद्वीपांची ही उपपत्ती चार्ल्स डार्विनने १८४२ मध्ये मांडली आणि पुढे पॅसिफिकमधील खोल छिद्रणांनी तिला दुजोरा दिला.

त्यामुळे लक्षद्वीपमध्ये डोंगर नाही, नदी नाही, ओढाही नाही. जमीन समुद्रसपाटीपासून काही मीटरच वर, आणि तीही प्रवाळाच्या चुऱ्याची. बहुतेक बेटे कंकणाच्या पूर्व कडेवर दक्षिणोत्तर पसरलेली असून पश्चिमेला लगून आणि त्यापलीकडे प्रवाळभिंत असते. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या लाटा त्या भिंतीवर फुटतात, म्हणून आतली वस्ती तगते. आंद्रोत हे सर्वांत मोठे बेट याला अपवाद आहे. ते पूर्व-पश्चिम पसरले आहे आणि त्याला नाव घेण्याजोगे लगूनच नाही.

पावसाचे पाणी या सच्छिद्र भूमीत मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते, कारण ते वजनाने हलके असते. मध्यभागी जाड आणि कडेला निमुळता असा हा थर भिंगासारखा दिसतो. पाठ्यपुस्तकी हिशेबाने समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडे पाणी असेल तर खाली सुमारे चाळीस फूट असावे. प्रत्यक्षात अरुंद बेटांवर भरती-ओहोटीच्या घुसळणीमुळे थर पुष्कळ पातळ राहतो. बेटवासीयांच्या उथळ विहिरी या भिंगाच्या वरच्या भागातून बादलीने पाणी उपसत आल्या. बादलीच्या जागी विजेचा पंप आला की भिंगाखालचे खारे पाणी वर ओढले जाते. शौचालयाच्या टाकीतले पाणीही याच वाळूतून त्याच थरात उतरते. विहीर आणि टाकी यांच्यात अंतर ठेवायला जागाच नसते. २०११ च्या जनगणनेत ६४,४७३ लोकसंख्या होती आणि घनता चौरस किलोमीटरला दोन हजारांहून अधिक. शहर म्हणावी अशी घनता आणि खेडेगावाची जलव्यवस्था, असा हा पेच आहे.

जमिनीच्या या मर्यादेची जाणीव जुन्या राज्यकर्त्यांना असण्याचे कारण नव्हते, कारण त्यांना येथून एकच वस्तू न्यायची होती. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी अमिनीवर पाय रोवण्याचा प्रयत्न केला तो जहाजांच्या दोरखंडांसाठी लागणाऱ्या उत्तम काथ्याकरिता. तेथील परंपरा सांगते की बेटवासीयांनी विषप्रयोग करून त्यांचा काटा काढला. पुढे कोलत्तिरी राजांकडून बेटांचा ताबा कन्नूरच्या अरक्कल घराण्याकडे आला. केरळातील या एकमेव मुस्लिम राजघराण्यात ज्येष्ठ व्यक्ती, मग ती स्त्री असो वा पुरुष, गादीवर येत असे. पुरुष शासक ‘अली राजा’ आणि स्त्री शासक ‘बीबी’. अठराव्या शतकात या घराण्याने काथ्याचा मक्ता बसवला. बेटावरचा काथ्या अरक्कलच्या वखारीतच, त्यांनी ठरवलेल्या दरानेच द्यायचा आणि बदल्यात तांदूळ घ्यायचा. बेटावर भात पिकत नाही. तांदळाचा भाव आणि काथ्याचा भाव दोन्ही ठरवणारा एकच असला की काय होते, ते सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.

१७८३ मध्ये अमिनीची काही मंडळी समुद्र ओलांडून मंगळूरला टिपू सुलतानाकडे गेली आणि आमची बेटे तुम्ही घ्या, अशी विनंती केली. अमिनी गटातील बेटे त्याप्रमाणे टिपूच्या ताब्यात आली. स्थानिक प्रजेने राजा बदलून मागावा आणि तो तिला मिळावा, असे प्रसंग आपल्या इतिहासात फार नाहीत. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर ही बेटे ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली आणि त्यांचा कारभार मंगळूरहून, म्हणजे दक्षिण कानडा जिल्ह्यातून चालू लागला. उरलेली बेटे आणि मिनिकॉय अरक्कलकडेच राहिली. मालक बदलला तरी काथ्याच्या बदल्यात तांदूळ हा व्यवहार कंपनीच्या बेटांवरही चालूच राहिला.

१८४७ च्या चक्रीवादळाने दुसऱ्या गटाचेही भवितव्य ठरवले. कल्पेनी आणि आंद्रोत या बेटांची त्यात दैना झाली. माड उन्मळून पडले, समुद्र जमिनीवरून वाहिला. कल्पेनीच्या पूर्व किनाऱ्यावर प्रवाळाच्या दगडधोंड्यांचा लांबच लांब बांध आजही दिसतो. तो त्याच वादळाने घातला असे मानले जाते. मलबारमधील अधिकारी विल्यम रॉबिन्सन पाहणीला गेला. कंपनीने मदतीसाठी अरक्कलला कर्ज दिले, कर्जावर व्याज चढले, आणि थकबाकीपोटी १८५४ मध्ये बेटे जप्त झाली. १८६१ मध्ये ती परत मिळाली आणि १८७५ मध्ये पुन्हा जप्त झाली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात वार्षिक मालिखान्याच्या बदल्यात अरक्कलने आपला हक्क कायमचा सोडला. आपत्तीची मदत कर्जाच्या रूपाने द्यायची आणि कर्जाच्या मार्गाने प्रदेश घ्यायचा, ही कंपनीची रीत अन्यत्रही परिचित आहे. येथे ती फारच उघडी दिसते.

या पार्श्वभूमीमुळेच १९४७ मध्ये बेटांच्या विलीनीकरणाविषयी सांगितल्या जाणाऱ्या रोमहर्षक कथांकडे जरा सावधपणे पाहावेसे वाटते. ही बेटे कोणत्याही संस्थानाचा भाग नव्हती. ती मद्रास प्रांताच्या मलबार आणि दक्षिण कानडा या जिल्ह्यांत मोडत होती आणि त्या प्रांताबरोबर स्वतंत्र भारतात आली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी त्यांचा केंद्रशासित प्रदेश झाला, तरी प्रशासनाचे मुख्यालय काही वर्षे कोझिकोडलाच राहिले. १९६४ मध्ये ते कवरत्तीला आले, आणि ‘लक्षद्वीप’ हे अधिकृत नाव १९७३ मधले आहे.

स्वतंत्र भारताने या बेटांच्या बाबतीत दोन दूरदृष्टीचे निर्णय घेतले. ज्यांचे आई-वडील दोघेही बेटांवर जन्मले अशा बेटजात रहिवाशांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, आणि बाहेरच्यांच्या प्रवेशावर व जमीनखरेदीवर निर्बंध आले. परवानापद्धतीला ‘वसाहतकालीन अवशेष’ म्हणणाऱ्यांची संख्या अलीकडे वाढली आहे. तिचे मूळ ब्रिटिशकालीन नियमांत आहे हे खरे; पण ३२ चौरस किलोमीटर जमिनीचा बाजार खुला केला असता, तर साठ वर्षांत ती कोणाच्या नावावर गेली असती हे गोव्याच्या किनाऱ्याकडे पाहणाऱ्याला सांगायला नको.

जमिनीची मालकी येथे मुळातच वेगळ्या घाटाची आहे. लोक शाफी पंथाचे मुसलमान, पण वंश आईकडून चालतो. विवाहानंतर पत्नी आपल्या तरवाडात, म्हणजे मातृवंशीय एकत्र घराण्यात राहते आणि पती रात्री तेथे येतो, अशी जुनी रीत. मालमत्तेचे दोन प्रकार मानले जातात. तरवाडाची सामायिक, न विकता येणारी ती ‘शुक्रवारची’ मालमत्ता. व्यक्तीने स्वतः कमावलेली आणि शरीयतनुसार वाटली जाणारी ती ‘सोमवारची’. धर्म आणि वंशपद्धती यांच्यात लोकांनी शांतपणे घातलेला हा मेळ समाजशास्त्रज्ञांना नेहमीच मोलाचा वाटला. लीला दुबे यांचा ‘मॅट्रिलिनी अँड इस्लाम’ हा १९६९ मधील ग्रंथ याच समाजावर आहे. शुक्रवारच्या एका माडाच्या बागेवर कितीतरी जणांचा हक्क असतो. भूसंपादनाच्या नोटिशीवर मात्र नाव घालायला ठरावीक रकाने असतात.

मिनिकॉयचा संसार आणखी निराळा. इतर बेटांपासून त्याला नऊ अंशांची सामुद्रधुनी तोडते. भाषा महल, म्हणजे मालदीवच्या दिवेहीचे रूप. बाकी बेटांवर मलयाळमला जवळची जेसरी. १८८५ मधला येथला दीपस्तंभ आजही जहाजांना वाट दाखवतो. मिनिकॉयची माणसे पिढ्यान् पिढ्या जगभरच्या व्यापारी जहाजांवर खलाशी म्हणून गेली आणि मागे गावांचा कारभार पुष्कळसा स्त्रियांनी सांभाळला.

मासेमारीची जी पद्धत आज सर्व बेटांच्या अर्थव्यवस्थेचा कणा आहे, तीही मिनिकॉयचीच. पहाटे लगूनमध्ये बारीक जाळ्याने छोटे मासे जिवंत पकडायचे, होडीतल्या पाणी खेळत्या ठेवलेल्या कप्प्यात ते सांभाळायचे, आणि खुल्या समुद्रात कुप्याचा, म्हणजे ट्यूनाचा थवा दिसला की ते आमिष म्हणून उधळायचे. थवा होडीभोवती उसळतो आणि काठी-गळाने एकेक मासा वर खेचला जातो. मोठ्या जाळ्यात कासव, डॉल्फिन जे सापडेल ते मरते. येथे तसे घडत नाही. उकडून, धुरी देऊन, वाळवून केलेला ‘मासमीन’ महिनोन् महिने टिकतो. १९६० च्या दशकापासून मत्स्यविभागाने यांत्रिक होड्यांसह ही पद्धत अन्य बेटांवर नेली. सरकारी योजनेने स्थानिक कौशल्य मोडून न टाकता पसरवल्याचे हे एक चांगले उदाहरण होय. या साऱ्याचा आरंभ लगूनमधल्या बोटभर माशापासून होतो, आणि तो मासा जिवंत प्रवाळाच्या आडोशाने वाढतो.

ते प्रवाळच संकटात आहेत. १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षांत समुद्र तापल्याने प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले, आणि २०२४ मध्येही तेच घडले. दोन तडाख्यांमधला अवधी कमी होत चालल्याने आधीची जखम भरण्यापूर्वीच नवी होते. गेल्या पाव शतकात निरीक्षणाखालील बेटांभोवतीचे जिवंत प्रवाळ जवळजवळ निम्म्यावर आले आहेत. बंगारमच्या कंकणातील परळी-१ हे चिमुकले निर्जन बेट पूर्ण झिजून पाण्याखाली गेल्याचे २०१७ मध्ये नोंदवले गेले. प्रवाळभिंत कमजोर झाली की लाट आत येते, किनारा झिजतो, विहिरी खाऱ्या होतात. लगून, भिंत आणि विहीर ही वेगवेगळ्या खात्यांची प्रकरणे असली तरी निसर्गात ती एकाच यंत्राची चाके आहेत.

आता पाहुण्यांकडे वळू. पाहण्यासारखे पुष्कळ आहे. कवरत्तीच्या उजरा मशिदीचे कोरीव लाकडी छत, कदमतच्या भोवतालचे पाणबुड्यांचे जग, कल्पेनीचे विस्तीर्ण लगून, मिनिकॉयच्या गावागावांतील रंगीत शर्यतीच्या होड्या. बेटांच्या प्रशासनाने पर्यटनाचा एक प्रकार फार पूर्वी आखला, त्याचे मला विशेष कौतुक वाटते. कोचीहून जहाज निघते, पाहुणे दिवसा बेटावर उतरतात, पोहतात, जेवतात, आणि रात्री पुन्हा जहाजावर झोपायला जातात. स्नानाचे पाणी, मैला, वीज, सारा भार जहाजावर राहतो. ही योजना आकर्षक जाहिरातीला फारशी उपयोगी नाही, पण बेटाचे गणित ज्यांना कळत होते अशा माणसांनी ती केली होती.

पाण्याच्या प्रश्नाला तंत्रज्ञानाने दिलेले उत्तरही दखल घेण्याजोगे आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने २००५ मध्ये कवरत्तीला एक संयंत्र उभारले. समुद्राच्या पृष्ठभागावरचे सुमारे २८ अंशांचे पाणी कमी दाबाखाली वाफेत बदलायचे आणि साडेतीनशे मीटर खोलीवरून आणलेल्या थंड पाण्याने त्या वाफेचे पुन्हा पाणी करायचे, अशी ही पद्धत. रसायने लागत नाहीत आणि तीव्र खारट सांडपाणी लगूनमध्ये सोडावे लागत नाही. कवरत्तीची क्षमता दिवसाला एक लाख लिटर आहे. नंतर मिनिकॉय आणि अगत्ती येथेही संयंत्रे आली. जानेवारी २०२४ मध्ये कदमतला दीड लाख लिटरचे सुरू झाले. ही भारतीय अभियांत्रिकीची खरोखर अभिमानास्पद कामगिरी आहे. तरीही भागाकार करून पाहावा. कवरत्तीची लोकसंख्या ११ हजारांवर आहे. एक लाख लिटर म्हणजे माणशी नऊ लिटर, पिण्यापुरते आणि स्वयंपाकापुरते. जल जीवन मिशनचा दंडक माणशी ५५ लिटरांचा आहे. उरलेले पाणी विहिरीतूनच येणार, आणि संयंत्राची वीज बहुतांशी मुख्य भूमीवरून आणलेल्या डिझेलवर. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असताना ते डिझेल कसे पोहोचते, हे बेटावरच्या कोणालाही विचारावे.

नियमनाची चौकट आपल्याकडे नाही असे नाही. २०१२ मध्ये एका विश्रामधामाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली, आणि तिच्या शिफारशींच्या आधारे प्रत्येक बेटासाठी एकात्मिक व्यवस्थापन आराखडा ठरला. बेटाची धारणक्षमता आणि स्थानिक पंचायतींचा सहभाग हे त्या विचाराचे दोन खांब होते. त्यानंतर निती आयोगाच्या पुढाकाराने मिनिकॉय, सुहेली आणि कदमत येथे लगूनमध्ये खांबांवर उभ्या करायच्या निवासांची योजना आली. २०२१ मध्ये विकास प्राधिकरणाच्या नियमनाचा मसुदा आला. विकासाच्या नावाखाली कोणतीही जमीन घेण्याचे व्यापक अधिकार त्यात होते, आणि बेटांवर तसेच बाहेरही त्याला तीव्र विरोध झाला. त्याच वर्षी मे महिन्यात शिक्षण, आरोग्य, कृषी, पशुसंवर्धन आणि मत्स्यव्यवसाय हे विषय पंचायतींकडून काढून प्रशासनाकडे घेण्यात आले. लक्षद्वीपला विधानसभा नाही. लोकसभेत एक सदस्य आहे. अशा प्रदेशात पंचायतीकडून पाच विषय काढणे ही केवळ प्रशासकीय सोय ठरत नाही, कारण तेथील माणसाला स्वतःच्या विहिरीविषयी बोलायला दुसरी जागाच उरत नाही.

सुरक्षेचा प्रश्न मी कमी लेखत नाही. पश्चिम आशियाकडून मलाक्काकडे जाणारी जहाजे नऊ अंशांच्या सामुद्रधुनीतून जातात. कवरत्तीला २०१२ मध्ये नौदलाचा ‘द्वीपरक्षक’ तळ आला आणि मार्च २०२४ मध्ये मिनिकॉयला ‘जटायू’ कार्यान्वित झाला. हे आवश्यकच होते. वस्तीच्या शेजारी तळ असू शकतो, हे या दोन बेटांनी दाखवले आहे.

म्हणून जुलै २०२५ मधील बित्राविषयीची अधिसूचना अधिक विचार करायला लावते. बित्रा हे वस्तीचे सर्वांत लहान बेट. जमीन सुमारे ०.१ चौरस किलोमीटर, २०११ मध्ये लोकसंख्या २७१. संपूर्ण बेट संपादित करून संरक्षण यंत्रणांकडे देण्याच्या प्रस्तावावर सामाजिक परिणामांच्या अभ्यासाची प्रक्रिया या अधिसूचनेने सुरू केली. २०१३ चा भूसंपादन कायदा तेथे लागू आहे. त्यानुसार घरांचे, माडांचे, जमिनीचे मोल ठरवता येईल. पण बित्राचे लगून सुमारे ४५ चौरस किलोमीटरचे, म्हणजे जमिनीच्या साडेचारशे पट आहे आणि तेथील कुटुंबांची उपजीविका त्याच लगूनमधून चालते. आमिषाचा मासा कोठे, कोणत्या ऋतूत धरायचा हे त्यांनी आपसांत ठरवलेले असते. या लगूनचा सात-बारा कोणत्याही तलाठ्याच्या दप्तरात नाही, आणि मोबदल्याच्या तक्त्यात त्यासाठी रकाना नाही.